चिप बसवू की मेमरी कार्ड घेऊ?

मागच्या अंकात कन्सोलचा पंखा साफ करणं आणि थर्मल पेस्ट बदलणं यावर लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत पेस्टबद्दल दोन-चारच प्रश्न होते, बाकी बहुतेकांनी 'मॉड'बद्दल, म्हणजे कन्सोलमध्ये बदल करून घेण्याबद्दल विचारलंय. सॉफ्टवेअर मॉड कशाला म्हणायचं, हार्डवेअर मॉड कशाला, आणि आपल्या यंत्रावर नेमकं काय केलं जाणार आहे, हे कळल्याशिवाय लोक दुकानात कन्सोल देऊन मोकळे होतात. माझ्या बाकावर नंतर दुरुस्तीला येणाऱ्या बोर्डांवरून हे रोज दिसतं. म्हणून या वेळी तीच पत्रं घेतली आहेत.

नाशिकहून अकरावीतला एक विद्यार्थी लिहितो:
ताई, मामाचा जुना पीएस२ मला मिळालाय, जाडा मॉडेल. डिस्क कधी वाचतो, कधी वाचत नाही. एका दुकानदाराने सांगितलं, चिप टाकून देतो, कुठलीही डीव्हीडी चालेल. दुसरा म्हणाला, चिप कशाला, एक मेमरी कार्ड घे, काम झालं. दोघंही त्याला मॉडच म्हणतात. फरक काय, आणि मी काय करू?

आधी लेन्सचं बोलू, कारण तुझी खरी तक्रार ती आहे. डिस्क कधी वाचते, कधी नाही, म्हणजे भिंग मळलंय किंवा लेझर थकलाय. चिप टाकून यातलं काहीच सुधारत नाही. उलट घरी राइट केलेल्या डीव्हीडीवरून छापील डिस्कपेक्षा कमी प्रकाश परततो, त्यामुळे थकलेल्या लेझरला ती आणखी जड जाते. चिपचे पैसे देऊनही तू होतास तिथेच राहशील. एक तपासणी घरीच कर. निळ्या पोटाच्या सीडीवरचा एक गेम आणि चंदेरी पोटाच्या डीव्हीडीवरचा एक गेम, दोन्ही मूळ, आळीपाळीने लावून बघ. पीएस२ मध्ये सीडीचा लेझर वेगळा आणि डीव्हीडीचा वेगळा असतो. एक प्रकार व्यवस्थित चालला आणि दुसरा अडला, तर त्या प्रकारचा लेझर गेलाय असं समज. दोन्ही अडखळत असतील तर भिंगावरची धूळ आणि रेल्सवरचं सुकलेलं ग्रीस आधी बघायचं. लेन्सजवळचा छोटा स्क्रू फिरवून लेझरची ताकद वाढवून देतो असं कुणी म्हणालं, तर सरळ नको म्हण. त्याने लेझर चार दिवस जोरात चालतो आणि कायमचा बसतो.

आता तुझा मुख्य प्रश्न.

कन्सोलच्या आत निर्णय घेणारा एकटा प्रोसेसर नसतो. गेम चालवणारा प्रोसेसर वेगळा, आणि डिस्क फिरवून वाचणारा ड्राइव्हचा कंट्रोलर वेगळा. 'ही डिस्क कंपनीची आहे का' हे बघायचं काम प्लेस्टेशनमध्ये पहिल्यापासून या कंट्रोलरकडे आहे. १९९४ साली जपानात निघालेल्या पहिल्या प्लेस्टेशनची युक्ती मला आजही फार आवडते. कंपनीच्या कारखान्यात छापलेल्या डिस्कच्या अगदी आतल्या कडेला डेटाची वाट सरळ न जाता किंचित डावी-उजवी डुलते, आणि त्या डुलण्यात चार अक्षरं लिहिलेली असतात. जपानी डिस्कवर एससीईआय, अमेरिकी डिस्कवर एससीईए, युरोपच्या डिस्कवर एससीईई. घरचा सीडी रायटर कोऱ्या डिस्कवर आधीच कोरलेल्या खाचेतून चालतो, त्याला ही वाट स्वतः डुलवता येत नाही. म्हणून नक्कल केलेल्या सीडीत गेमचा एकूण एक बाइट बरोबर असला तरी ती चार अक्षरं नसतात, आणि कंट्रोलर ती डिस्क नाकारतो.

यावर लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे आठ पायांचा एक छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे स्वतःचा छोटा प्रोग्रॅम चालवणारी चिप. त्याच्या चार-पाच तारा बोर्डावर सोल्डर करायच्या. यंत्र चालू झालं की ती चिप ड्राइव्हच्या कंट्रोलरकडे जाणाऱ्या तारेवर तीच चार अक्षरं विजेच्या रूपात पुन्हा पुन्हा पाठवत राहते. डिस्कवर अक्षरं नाहीत, पण कंट्रोलरला ती ऐकू येतात. प्लेस्टेशनच्या आतला एकही प्रोग्रॅम बदललेला नसतो. हे हार्डवेअर मॉडचं शुद्ध रूप. प्रोग्रॅम तोच, तारेवरून जाणारा संकेत तेवढा खोटा. असे प्लेस्टेशन अजून दुरुस्तीला येतात. वरचं झाकण काढलं की ती चिप पाठीवर उलटी चिकटवलेली दिसते, पाय वर, आणि त्यांतून निघालेल्या केसासारख्या बारीक निळ्या किंवा पिवळ्या तारा. चांगल्या कारागिराने तारा बोर्डाला लगटून, कडेने वळवून नेलेल्या असतात. घाईत काम केलेल्याने सगळं गरम गोंदाच्या गोळ्यात बुडवलेलं असतं, आणि तो गोळा काढताना बोर्डाचा पॅडच, म्हणजे टाक्याची जागाच, उखडून हातात येतो.

गंमत म्हणजे त्याच प्लेस्टेशनला २०२१ साली, म्हणजे यंत्र निघाल्यावर सव्वीस-सत्तावीस वर्षांनी, नुसत्या मेमरी कार्डानेही उघडता येऊ लागलं. कार्ड वाचणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये एक चूक होती. कार्डावर मुद्दाम वेडीवाकडी माहिती लिहून ठेवली की तो प्रोग्रॅम वाचता वाचता घसरतो आणि कार्डावरचे आदेश पाळू लागतो. पुढे, युरोप-अमेरिकेच्या यंत्रांतल्या ड्राइव्हच्या कंट्रोलरला तपासणी बाजूला ठेवायला सांगणारे काही छुपे आदेश आहेत, ते वापरायचे. जपानी यंत्रात हे आदेश चालत नाहीत. इथे सोल्डर नाही, तार नाही. यंत्राला त्याच्याच भाषेत चुकीचे आदेश दिले, एवढंच. हा सॉफ्टवेअर मॉड.

म्हणून पेचकस लागला की नाही यावरून ठरवू नकोस. यंत्राला फसवलं कुठे, ते विचार. प्रोग्रॅम वाचता वाचता फसला तर सॉफ्टवेअर. तारेवरचा संकेत, व्होल्टेज, रीसेट यांत हात घातला तर हार्डवेअर.

तुझ्या पीएस२ ला हे लावून बघ. दुसरा दुकानदार जे कार्ड म्हणतोय, ती पद्धत २००८ साली आली. पीएस२ चालू होताना मेमरी कार्डावर स्वतःसाठी काही अपडेट ठेवलंय का ते बघतो, अशी सोय कंपनीनेच ठेवली होती. कार्डावर तसं दिसणारं काहीतरी ठेवलं की यंत्र आपणहून ते उचलतं आणि तुझा मेनू उघडतो. शेवटच्या ९०००० मालिकेतल्या उशिराच्या यंत्रांतून ही सोयच काढून टाकली, त्यामुळे तिथे हे कार्ड चालत नाही. तुझा जाडा मॉडेल आहे, त्याला ती अडचण नाही.

पण नीट लक्ष दे. कार्डाने प्रोसेसर तुझ्या हाती आला, ड्राइव्हचा कंट्रोलर आला नाही. त्याची तपासणी जागेवरच आहे, तो राइट केलेली डीव्हीडी तरीही नाकारेल. म्हणून कार्डवाले लोक गेम सहसा डिस्कवरून चालवत नाहीत. यूएसबी, नेटवर्क केबल किंवा हार्ड डिस्कवरून चालवतात. पीएस२ चं यूएसबी जुन्या १.१ जातीचं आहे, सेकंदाला १२ मेगाबिटच्या वर जात नाही, त्यामुळे व्हिडिओच्या जागी गेम अडखळतो. जाड्या मॉडेलला मात्र मागे एक मोठा खण असतो. त्यात नेटवर्क अडॅप्टर आणि त्याला जोडून हार्ड डिस्क बसते. खण कंपनीने यासाठीच दिलेला आहे, एकही तार सोल्डर करावी लागत नाही.

पहिल्या दुकानदाराची चिप ड्राइव्हची तपासणीही चुकवते, पण त्यासाठी पीएस२ च्या बोर्डावर बारीक पायांच्या चिपांना पुष्कळ तारा जोडाव्या लागतात, आणि त्यातली एक जरी शेजारच्या पायाला टेकली तरी यंत्र उठत नाही. थकल्या लेन्सच्या यंत्राला चिप टाकणं मला पटत नाही. लेन्स साफ करून घे. तरी जमलं नाही तर कार्ड आणि हार्ड डिस्क, आणि मामाच्या मूळ डिस्क संगणकावर वाचून त्यात ठेव. लेन्सला कायमची विश्रांती मिळेल.

डोंबिवलीहून एक वाचक:
नव्वदच्या दशकात आमच्याकडे टीव्हीला लावायचा गेम होता. गल्लीतल्या कुणाचीही कॅसेट आणली तरी चालायची. म्हणजे तो मॉड केलेला होता का?

नाही. त्याला मुळात कुलूपच नव्हतं. आपल्याकडे तेव्हा घरोघरी आलेली ती यंत्रं बहुतेक सगळी निन्टेंडोच्या १९८३ च्या जपानी फॅमिकॉमच्या नकला होत्या. साठ पिनांची कॅसेट, आणि ती कुणाची आहे हे विचारणारं यंत्रात कुणी नाही. १९८५ मध्ये अमेरिकेत तेच यंत्र नव्या पेटीत गेलं तेव्हा पिना बहात्तर झाल्या आणि आत एक पहारेकरी चिप आली. तिची जोडीदार चिप प्रत्येक कॅसेटमध्ये असायची. दोघी एकच गणित पावलाला पाऊल लावून करायच्या, उत्तर जुळलं नाही की यंत्र दर सेकंदाला रीसेट व्हायचं आणि पडदा लुकलुकत राहायचा. कॅसेटचे संपर्क मळले तरी तेच व्हायचं. त्या पहारेकरी चिपचा चौथा पाय कापून उचलला की ती गप्प बसते आणि लुकलुकणं थांबतं. जुनी अमेरिकी यंत्रं जपणारे लोक आजही पहिलं काम तेच करतात. हार्डवेअर मॉडचं इतकं साधं उदाहरण पुढे फारसं मिळत नाही.

ठाण्याहून एका आईचं पत्र:
मुलगा नववीत आहे. त्याला निन्टेंडो स्विच घेऊन दिलाय, ओएलईडी पडद्याचा. तो म्हणतो, कडेच्या खाचेत एक प्लॅस्टिकचा तुकडा घालायचा आणि केबल लावायची, न उघडता सगळं होतं. खरं आहे का? आणि त्याने यंत्र खराब तर होणार नाही?

तो जे सांगतोय ते खरं आहे, पण तुमच्या घरातल्या यंत्राबद्दल नाही.

स्विच मार्च २०१७ मध्ये आला. त्याच्या एनव्हिडिया टेग्रा एक्स१ प्रोसेसरमध्ये अगदी पहिला चालणारा प्रोग्रॅम सिलिकॉनमध्येच कोरलेला असतो, तो कारखान्याबाहेर कुणालाच बदलता येत नाही, खुद्द कंपनीलाही नाही. त्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्तीसाठी एक यूएसबी दार ठेवलेलं होतं. यूएसबीवरून किती माहिती मागितली जातेय याची लांबी एका ठिकाणी नीट तपासलेली नव्हती. जास्त मागितली की आतली स्मृती उलटीपालटी होते आणि बाहेरून पाठवलेले आदेश चालू लागतात. एप्रिल २०१८ मध्ये केट टेमकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि त्याच सुमारास फेलओव्हरफ्लो या गटाने, हे जाहीर केलं. तुमचा मुलगा म्हणतो तो प्लॅस्टिकचा तुकडा उजव्या जॉय-कॉनच्या (कडेला लागणाऱ्या कंट्रोलरच्या) खाचेतली दहावी पिन अर्थिंगला जोडतो, म्हणजे यंत्र त्या दुरुस्तीच्या दाराशी जाऊन थांबतं. तो तुकडा म्हणजे फक्त दारावरची बेल. आत शिरणं होतं ते यूएसबीवरून, प्रोग्रॅमच्या चुकीतून. म्हणून धातूचा संपर्क जोडूनही मी याला सॉफ्टवेअर मॉड म्हणते. यंत्र पूर्ण बंद केलं की तो विरतो, पुढच्या वेळी पुन्हा केबल लावावी लागते. २००७ साली पीएसपी या सोनीच्या हातात धरायच्या कन्सोलच्या बाबतीत लोकांनी असंच केलं होतं. तिथे बेलचं काम बॅटरी करायची. बॅटरीच्या आतल्या छोट्या स्मृतीत तिचा क्रमांक असतो, तो बदलून सगळा एफ-एफ केला की पीएसपी सेवा केंद्राच्या अवस्थेत उठायचा.

स्विचमधली चूक अपडेटने बुजणारी नव्हती, म्हणून कारखान्यातच बदल झाला. २०१८ च्या मध्यापासून निघालेल्या यंत्रांत ती बंद केलेली आहे, आणि २०१९ पासून प्रोसेसरच नव्या आवृत्तीचा आहे. ओएलईडी स्विच २०२१ चा. त्याच्या खाचेत काहीही घातलं तरी ते दार उघडणार नाही.

तिथे उरतो तो हार्डवेअरचा रस्ता, आणि तो तुम्हाला नीट कळावा असं मला वाटतं. यंत्र पूर्ण उघडायचं, धातूची झाकणं काढायची, प्रोसेसरजवळच्या मिलिमीटरभरही लांब नसलेल्या कपॅसिटरांवर एक मॉस्फेट, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा बारीक स्विच, सोल्डर करायचा, साठवणुकीच्या चिपच्या तारांवर टेहळणीच्या तारा जोडायच्या. काही मॉडेलांत तर एक पातळ पट्टी त्या चिपच्या पोटाखाली सरकवावी लागते. या सगळ्याचा ताबा आरपी२०४० नावाच्या मायक्रोकंट्रोलरकडे. प्रोसेसर 'हा प्रोग्रॅम खरा आहे का' हे तपासत असताना नेमक्या क्षणी ही चिप त्याचं व्होल्टेज पापणी लवण्याच्याही कितीतरी आत खाली ओढते. प्रोसेसर अडखळतो, तपासणीचं पाऊल चुकतं, आणि खोटा प्रोग्रॅम खरा म्हणून पुढे जातो. नेम चुकला तर पुन्हा प्रयत्न. असं यंत्र दर वेळी चालू होताना आपल्याच प्रोसेसरला ठेच देऊन उठतं.

सूक्ष्मदर्शकाखाली, योग्य तापमानाला, शांतपणे हे काम करणारे लोक आहेत, आणि त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण साठवणुकीच्या चिपखाली पट्टी तिरकी सरकवून तिचे संपर्क उचकटलेले बोर्डही मी पाहिलेत. त्यातले काहीच वाचवता आले. चालत्या, नव्या यंत्रावर हे करू नका. शिवाय मॉड कुठल्याही जातीचा असो, कंपनी ते यंत्र आपल्या ऑनलाइन सेवेतून कायमचं बाहेर काढू शकते, आणि मे २०२५ मध्ये निन्टेंडोने अमेरिकेतल्या आपल्या वापर करारात यंत्र कायमचं निकामी करण्याचा हक्कही लिहून घेतला.

मुलाला मात्र रागावू नका. त्याला जे कळलंय ते साधं नाही. तो आरपी२०४० रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डावर मिळतो. जानेवारी २०२१ मध्ये तो चार डॉलरला निघाला, आपल्याकडेही काहीशे रुपयांत येतो. तो त्याला आणून द्या. त्यावर दिवा लुकलुकवण्यापासून सुरू करून स्वतःचा छोटा गेम कंट्रोलर बनवण्यापर्यंत सुट्टीत सहज जाता येतं, आणि तो बोर्ड बिघडला तरी स्विच शाबूत राहतो.

कोल्हापूरहून:
सेकंडहँड एक्सबॉक्स ३६० घेतला. विकणारा म्हणाला, हा फ्लॅश केलेला नाही, आरजीएच आहे, आणि काहीही झालं तरी अपडेट करू नका. का? आणि तो खरं बोलतोय हे कसं ओळखू?

ओळखायची खूण सोपी आहे. कन्सोल बंद असताना पॉवरऐवजी इजेक्टचं बटण दाबून चालू करा. आरजीएच असेल तर नेहमीचा मेनू न येता अक्षरांनी भरलेला पडदा येतो आणि त्यात 'सीपीयू की' नावाचा एक लांबलचक क्रमांक दिसतो. त्याचा लगेच फोटो काढून ठेवा. प्रत्येक यंत्राचा हा क्रमांक वेगळा असतो. विकणाऱ्याकडून मूळ नँडची, म्हणजे यंत्राचा प्रोग्रॅम साठवणाऱ्या चिपची, प्रतही मागून घ्या. उद्या आतलं काही पुसलं गेलं तर हा क्रमांक आणि ती प्रत यांच्याच जोरावर यंत्र पुन्हा उभं करता येतं.

तुमच्या विक्रेत्याने दोन वेगळ्या गोष्टी बरोबर वेगळ्या सांगितल्या. 'फ्लॅश' म्हणजे २००६ पासून चाललेला प्रकार. त्यात कन्सोलच्या प्रोग्रॅमला हात न लावता डीव्हीडी ड्राइव्हच्या आतला प्रोग्रॅम बदलतात, मग ड्राइव्हच कन्सोलला सांगतो की डिस्क खरी आहे. आरजीएच, म्हणजे रीसेट ग्लिच हॅक, २०११ चा. एक चिप प्रोसेसरला आधी खूप मंद करते आणि तपासणीची तुलना चालू असताना त्याच्या रीसेटच्या तारेवर अतिशय छोटा धक्का देते. प्रोसेसर पूर्ण रीसेट होत नाही, नुसता गोंधळतो, आणि दोन गोष्टी जुळत नसताना जुळल्या असं उत्तर देतो. एका फटक्यात जमेलच असं नाही, म्हणून तुमचा एक्सबॉक्स कधी लगेच उठेल, कधी बराच वेळ घेईल. त्या वेळी घाबरून प्लग काढू नका.

अपडेटचं कारण असं की चिप फक्त दार ढकलते. आत जो बदललेला प्रोग्रॅम उठतो तो नँडमध्ये लिहिलेला असतो. कंपनीचा अपडेट तो पुसून आपला लिहितो. चिप जागेवर राहते, पण तिने ढकललेल्या दारामागे तुमचं काही उरत नाही. त्यातच ३६० च्या प्रोसेसरमध्ये बारीक फ्यूज आहेत. काही अपडेट ते जाळतात, जळलेला फ्यूज परत जोडता येत नाही, आणि जुन्या आवृत्तीकडे जायचा रस्ता बंद होतो. म्हणूनच जुने जाणकार बोर्डावरचा आर६टी३ नावाचा एक रेझिस्टर काढून टाकायचे, म्हणजे फ्यूज जाळायला वीजच पोचत नाही. तुमच्या बोर्डावर ती जागा रिकामी दिसली तर आधीच्या कारागिराला कामाची समज होती असं खुशाल माना.

मार्च २०२५ मध्ये याच ३६० साठी पूर्णपणे सॉफ्टवेअरचा रस्ताही जाहीर झाला. पेन ड्राइव्ह लावायचा, यंत्र न उघडता. पण वीज गेली की तो संपतो, आणि दर वेळी नव्याने जमवावा लागतो. इथे दोन्ही जातींचा स्वभाव समोरासमोर दिसतो. सोल्डर केलेलं टिकतं आणि खुणा ठेवतं. वाचता वाचता केलेली फसवणूक सहज येते आणि सहज जाते.

सातारा, मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेले एक वाचक:
आता गिऱ्हाईक कन्सोलही आणतात. मॉड करून दिला तर कायद्यात अडकेन का?

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५ ए हे कलम आलं. हक्कांचं उल्लंघन करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असं त्यात आहे. 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी कुलूप उघडणं त्यातून वगळलेलं आहे, पण तशा कामात दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख आणि कामाचा उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे, असंही तिथेच लिहिलंय. दुकानदारांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं. मी वही ठेवते आणि उद्देशाच्या रकान्यात गिऱ्हाइकाच्या हाताने लिहून घेते. गेम भरून देणं हे काम मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. त्यात हेतूबद्दल बोलायला काही शिल्लकच राहत नाही. स्विचच्या चिपा विकणाऱ्या टोळीतल्या एका कॅनडाच्या माणसाला फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकी कोर्टाने चाळीस महिन्यांची कैद दिली. तुमचं एखादं प्रकरण नाजूक वाटलं तर आधी वकिलाला विचारा.

पण दुरुस्तीचं काय? एक्सबॉक्स ३६० चा डीव्हीडी ड्राइव्ह गेला आणि तुम्ही दुसरा, अगदी तोच मॉडेल आणून लावला, तर तो सिनेमा दाखवेल, गेम चालवणार नाही. ड्राइव्ह आणि मदरबोर्ड यांची किल्ली एकमेकांशी जुळवलेली असते. म्हणून जुन्या ड्राइव्हचा छोटा बोर्ड काढून नव्या ड्राइव्हच्या पोटात बसवायचा, मग चालतं. तो बोर्डच जळलेला असेल तर मूळ डिस्कांनी भरलेलं कपाट असूनही मालक हात चोळत बसतो. पीएस५ च्या २०२३ च्या सुट्या ड्राइव्हलाही पहिल्यांदा इंटरनेटवरून जोडी जमवावी लागते. विकत घेतलेल्या यंत्राचा जळलेला भाग बदलायला मालकाला कुणाची परवानगी लागावी, हे मला मान्य नाही, आणि मी ते प्रत्येक ठिकाणी बोलते. अमेरिकेत २०२१ साली कन्सोलचा डिस्क ड्राइव्ह दुरुस्त करण्यासाठी कुलूप उघडायला सूट मिळाली, तीही तेवढ्यापुरतीच. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये प्लेस्टेशनच्या चिपेबद्दल दुकानदाराच्या बाजूने निकाल दिला होता. त्यांचं म्हणणं असं की कुलूप नक्कल करणं थांबवत नाही, फक्त झालेली नक्कल चालू देत नाही. तुमच्या दुकानात येणाऱ्या दहा कामांतली बहुतेक पोर्ट, पंखा, ड्राइव्ह आणि कंट्रोलरची असतील. ती मन लावून करा, नाव त्यातूनच होतं.

छत्रपती संभाजीनगरहून:
पीएस४ मध्ये एसएसडी टाकणं आणि कंट्रोलरची आपोआप सरकणारी स्टिक बदलणं, हे मॉड धरतात का? बंदी येईल का?

दोन्ही हार्डवेअरचेच बदल आहेत, पण कुठल्याही कुलपाला हात लागत नाही, त्यामुळे बंदीचा प्रश्न नाही. पीएस४ ची डिस्क मालकाने बदलायची सोय कंपनीनेच ठेवली आहे. पहिल्या मॉडेलला वरचा चकचकीत अर्धा भाग बाजूला सरकतो, आत प्लेस्टेशनच्या चार खुणा असलेला एक मोठा स्क्रू दिसतो, तेवढाच खोलायचा. अडीच इंची साटा एसएसडी घ्या, जाडी ९.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आधी सेव्ह पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. नव्या डिस्कवर यंत्रणा भरायला कंपनीच्या संकेतस्थळावरची पूर्ण इन्स्टॉलेशनची मोठी फाइल लागते. अपडेटची छोटी फाइल घेतली तर यंत्र ती स्वीकारत नाही, आणि बरेच जण इथेच अडकून डिस्क खराब निघाली असं समजतात.

स्टिकसाठी हॉल सेन्सरचं मोड्यूल मागा. जुन्या स्टिकमध्ये कार्बनच्या पट्टीवर पत्रा घासतो आणि पट्टी झिजली की स्टिक सरकते. हॉलमध्ये चुंबक असतो, घासण्यासारखं काही नसतं. चौदा टाके सुटे करावे लागतात. सक्शन पंप आणि फ्लक्स नसेल तर ते काम घरी करू नका, पॅड उखडतील. आणि बसवून झाल्यावर मध्यबिंदू जुळवून देणार का, हे पैसे देण्याआधीच विचारून घ्या.